लीड्समध्ये एक वर्ष: विद्यापीठाचा हॉल घ्यावा की बाहेर घर पाहावे?

मिरजेचा तंबोरा

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये मी एक वर्षाच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमासाठी इंग्लंडमधील लीड्स येथे जात आहे. प्रवेश पक्का झाला, शैक्षणिक कर्ज मंजूर झाले. परंतु राहण्याच्या जागेवरून घरात तीन आठवडे खल चालू आहे आणि विद्यापीठाने देऊ केलेली खोली स्वीकारण्याची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते आहे.

समोर तीन पर्याय आहेत. विद्यापीठाच्या स्वतःच्या हॉलमध्ये, म्हणजे विद्यार्थी-वसतिगृहात, एकट्याची खोली व तिला जोडून न्हाणीघर मिळते आहे. स्वयंपाकघर मात्र सात जणांत एक. भाडे आठवड्याला १६० पौंड असून करार ५१ आठवड्यांचा आहे, आणि वीज, पाणी, हीटिंग व इंटरनेट त्यातच धरलेले आहे. दुसरा पर्याय एका खासगी कंपनीच्या हॉलचा: इमारत नवी कोरी, तळमजल्यावर व्यायामशाळा, करार ४४ आठवड्यांचा, परंतु ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार द्या, नाहीतर सगळे भाडे आधी भरा, अशी त्यांची अट आहे. तिसरा पर्याय मावसभावाने सुचवला आहे. त्याचे तीन मित्र हाइड पार्क भागात घर भाड्याने घेत आहेत. त्यांपैकी दोघे विद्यार्थी आहेत आणि एक नोकरी करतो. चौथा मी. माझ्या वाट्याला आठवड्याला ११० पौंड येतील आणि बिले वेगळी.

वडिलांचा कल विद्यापीठाकडे आहे. मावसभावाच्या मते हॉल म्हणजे पैशांची नासाडी, आणि चार मराठी मुले एकत्र असली की जेवणाखाण्याची चिंता उरत नाही. मी शाकाहारी आहे, घराबाहेर कधी राहिलेलो नाही, आणि वरण-भात व कांदेपोहे यांपलीकडे मला स्वयंपाक येत नाही. ज्यांनी तेथे प्रत्यक्ष दिवस काढले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हेडिंग्लेचा पाऊस

दोन वर्षांपूर्वी लीड्समध्येच हॉलमध्ये राहून मी असाच एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खोलीची छायाचित्रे आणि ती व्यायामशाळा तूर्त बाजूला ठेवा आणि आधी कराराच्या तारखा पाहा. तुमच्या परीक्षा मे-जूनमध्ये संपल्या तरी प्रबंधाचे काम ऑगस्टअखेरपर्यंत, काही विभागांत सप्टेंबरपर्यंत चालते. सप्टेंबरच्या मध्याला सुरू झालेला ४४ आठवड्यांचा करार जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संपतो, कारण तो मुळात उन्हाळ्यात घरी जाणाऱ्या पदवीच्या मुलांसाठी बेतलेला असतो. माझ्या वर्गातील एकाने हे लक्षात न घेता सही केली आणि प्रबंधाचे शेवटचे सहा आठवडे त्याने तीन ठिकाणी काढले. त्याची मोठी बॅग आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी असे आणि दर दोन दिवसांनी तो तिच्यातून कपडे काढायला येत असे. ५१ आठवड्यांचा करार महाग दिसतो, पण तुमच्या वर्षाशी जुळणारा तोच आहे.

दुसरी गोष्ट भाड्याच्या हिशोबाची. तिकडे भाडे आठवड्यावर सांगतात आणि आपण मनातल्या मनात त्याला चाराने गुणून महिना काढतो. १६० चोक ६४० म्हणजे महिना झाला असे धरले की हिशोब चुकलाच. ५१ आठवड्यांचे ८,१६० पौंड होतात, बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ६८०. शिवाय विद्यापीठे हे भाडे बहुधा महिन्याला न घेता सत्रानुसार मोठ्या हप्त्यांत घेतात. हप्त्यांच्या तारखा आजच बँकेला दाखवा, कारण कर्जाची रक्कम बँक टप्प्याटप्प्याने देते आणि तिचा टप्पा व हॉलचा हप्ता यांत पंधरा दिवसांचे अंतर पडले तर धावपळ वडिलांची होते.

आता मुख्य मुद्दा: करारातून बाहेर कसे पडता येते. व्हिसा नाकारला गेला तर विद्यापीठाचे हॉल सहसा लेखी पुराव्यावर मोकळे करतात, पण कोणत्या तारखेपर्यंत कळवायचे हे करारात असते. एकदा राहायला गेल्यावर मात्र ‘मला आवडले नाही’ हे कारण चालत नाही. तुमच्या जागी दुसरा विद्यार्थी मिळेपर्यंत भाडे तुमच्याच माथी असते. खासगी हॉलमध्ये हे कलम कंपनीगणिक बदलते, म्हणून ‘व्हिसा नाही तर करार नाही’ ही हमी त्यांनी लेखी दिली आहे का ते पाहा. व्हिसाच्या हिशोबातही एक फरक आहे. खात्यात सलग २८ दिवस दाखवायच्या निर्वाहाच्या रकमेतून, विद्यापीठाकडे जागेसाठी आधी भरलेली रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत वजा करता येते. परस्पर खासगी हॉलला भरलेले पैसे तसे वजा होत नाहीत. जामीनदाराची कटकटही विद्यापीठाच्या हॉलमध्ये सहसा नसते.

स्वयंपाकघराविषयी मात्र खोटा दिलासा देणार नाही. मीही शाकाहारी. सात जणांत मिळून दोन फ्रीज होते, प्रत्येकाला एक खण आणि भिंतीतले एक कपाट. नोव्हेंबरातल्या एका सकाळी पाहिले तर शेजारच्या खोलीतील मुलाने माझ्या पोळीच्या तव्यावर बेकन भाजले होते, तवा साबणाने लख्ख घासून, पुसून पुन्हा माझ्या कपाटात ठेवला होता आणि वर मला सांगितले की तुझा तवा फार छान आहे. त्याच्या दृष्टीने त्याने शिष्टाचार पाळला होता. मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो आणि तिसऱ्या दिवशी त्याला समजावून सांगितले. त्याला मनापासून वाईट वाटले. तवा पुढे वर्षभर माझ्या खोलीत, टेबलाखाली राहिला. त्याच मुलाने डिसेंबरात मला ताप आला तेव्हा सूप करून आणले आणि ते शाकाहारी आहे याची खात्री पटावी म्हणून रिकामे पाकीटही सोबत आणले होते.

कोकम सरबत

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. मी इंग्लंडमधील दुसऱ्या एका शहरात संशोधन करत असताना दोन वर्षे हॉलमध्ये निवासी साहाय्यक होते, म्हणजे रात्री किल्ली हरवली, भांडण झाले किंवा घंटा वाजली की ज्यांना उठवतात त्यांपैकी एक. त्यामुळे मी दाराच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

सप्टेंबरअखेर आमच्याकडे सर्वाधिक वेळा वाजे ती आगीची घंटा, आणि तिचे कारण बहुतेक वेळा करपलेला टोस्ट किंवा आपली फोडणी. एका रात्री साडेअकराला साठ-सत्तर मुले पावसात, कुणी टॉवेलमध्ये, कुणी एका पायात चप्पल घालून, समोरच्या वाहनतळावर उभी होती आणि त्यांच्यात हातात झारा घेतलेली नाशिकची एक मुलगी रडवेली होऊन सर्वांची क्षमा मागत होती. तिची चूक फोडणी करण्याची नव्हती. स्वयंपाकघरातील संवेदक बहुतेक ठिकाणी उष्णतेवर चालतो, त्यामुळे मोहरी तडतडली, हिंग-मिरचीचा खकाणा उठला तरी तो सहसा गप्प राहतो. मार्गिकेतला संवेदक मात्र धुरावर चालतो. वास बाहेर जावा म्हणून तिने स्वयंपाकघराचे जड अग्निरोधक दार खुर्ची लावून उघडे ठेवले आणि धूर मार्गिकेत गेला. म्हणून खिडकी उघडा, शेगडीवरचा पंखा लावा आणि दार घट्ट बंद ठेवा. खोलीत उदबत्ती, निरांजन किंवा मेणबत्ती अजिबात चालत नाही, दिवाळीतही नाही; विजेरीवरच्या पणत्या घेऊन जा. संवेदकावर पिशवी किंवा मोजा बांधणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्याला दंड होतो आणि प्रकरण शिस्तपालन समितीपर्यंत जाऊ शकते.

न्हाणीघराबद्दल संकोच सोडून लिहिते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. शॉवरची चौकट सोडली तर उरलेल्या जमिनीला पाणी वाहून जायला जाळीच नसते. आपल्या सवयीप्रमाणे बादलीभर पाणी ओतून, खराट्याने फरशी धुतली की ते पाणी खालच्या मजल्यावरील खोलीच्या छतातून उतरते, आणि दुरुस्तीचे बिल तुमच्या नावावर येते. संडासात जेट नसतो. पाण्याचा मग किंवा हाताने दाबायची बाटली वापरा, पण जमीन कोरडी ठेवा. ओले कपडे खोलीत वाळत घालून खिडकी बंद ठेवली तर जानेवारीपर्यंत भिंतीवर काळी बुरशी धरते, तिचेही पैसे कापतात. धुलाईयंत्र व ड्रायर तळघरात किंवा वेगळ्या खोलीत असतात आणि प्रत्येक वेळेस पैसे पडतात. रविवारी संध्याकाळी तेथे रांग असते, मंगळवारी सकाळी कुणी नसते.

पोहोचल्याच्या दिवशी, सामान उघडण्यापूर्वी, खोलीची आणि स्वयंपाकघराची छायाचित्रे काढून साहित्याच्या यादीसोबत पाठवून द्या. गादीवरचा डाग, टेबलाचा ओरखडा, फ्रीजचा तुटलेला खण, सर्व काही. सामायिक जागेत मोडतोड झाली आणि कुणी कबूल झाले नाही तर खर्च सातही जणांत वाटला जातो, हे करारात लिहिलेले असते आणि तरीही दर जूनमध्ये त्यावरून रडारड होते.

आणखी एक. अर्जात ‘पसंती’ नावाचा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका. फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सदनिका, शांत सदनिका, मद्यविरहित सदनिका असे पर्याय पुष्कळ विद्यापीठे देतात. अठरा वर्षांची, पहिल्यांदा घराबाहेर पडलेली सहा इंग्रज मुले आणि प्रबंध लिहिणारे तुम्ही, ही जोडी दोन्ही बाजूंना जड जाते. क्रिकेटवेडे असाल तर हेही लक्षात ठेवा की वाहिनीवरचे थेट प्रक्षेपण लॅपटॉपवर पाहायचे झाले तरी टीव्हीचा परवाना लागतो, आणि हॉलच्या सामायिक दिवाणखान्याचा परवाना तुमच्या खोलीला लागू होत नाही.

पिंपळपान

माझे मत जरा वेगळे आहे. आठवड्याला ५० पौंडांचा फरक म्हणजे ५१ आठवड्यांत २,५५० पौंड. बिलांचे त्यातून वजा केले तरी हाती बरेच उरतात, आणि कर्ज काढून जाणाऱ्या मुलाला ही रक्कम क्षुल्लक नाही. मी बर्मिंगहॅममध्ये तीन मित्रांसोबत घर घेऊन राहिलो. आठवड्याचा भाजीपाला एकत्र, तांदळाचे दहा किलोंचे पोते एकत्र, पोळ्या आळीपाळीने. इंग्लंडात घराच्या अनामत रकमेवर कायद्याची मर्यादा असते, साधारणपणे पाच आठवड्यांचे भाडे. शिवाय ती रक्कम घरमालकाला ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावी लागते. १ मे २०२६ पासून तर खासगी घरांच्या भाडेकरारांतील ठरावीक मुदतच गेली. दोन महिन्यांची सूचना दिली की भाडेकरू बाहेर पडू शकतो, आणि घरमालकाला एका महिन्यापेक्षा अधिक भाडे आगाऊ मागता येत नाही. विद्यापीठाच्या हॉलला सूचनेचे आणि आगाऊ भाड्याचे हे नियम लागू नाहीत. मग अधिक सुरक्षित काय, हे प्रश्नकर्त्यानेच ठरवावे.

हेडिंग्लेचा पाऊस

पिंपळपान यांनी कायदा बरोबर सांगितला आहे, पण तोच कायदा या विशिष्ट घराला लावून पाहू. चौघांचा संयुक्त करार असेल तर एकाने दोन महिन्यांची सूचना दिली तरी करार चौघांचाही संपतो. नोकरी करणाऱ्या मित्राची फेब्रुवारीत मँचेस्टरला बदली झाली तर तुमच्या ऐन परीक्षेच्या तोंडावर घराचा प्रश्न उभा राहील. आगाऊ भाडे घेता येत नाही म्हणून घरमालक आता ब्रिटनमधील जामीनदारावर अधिक अडून बसतात. तुम्हाला तो कोण मिळणार?

कौन्सिल टॅक्स, म्हणजे तेथील पालिकेचा घरावरचा कर, हा त्याहून नाजूक विषय आहे. सर्व रहिवासी पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर घराला हा कर माफ असतो. एक नोकरदार आला की माफी जाते आणि २५ टक्के सवलत वजा करून बिल येते. कायद्याने ते बिल त्या नोकरदाराचे आहे, पण तो ते चौघांत वाटून मागणार आहे का, हे घर घेण्यापूर्वी विचारा. नंतर विचारले तर मैत्री जाते. चौघेही विद्यार्थी असते तर हा प्रश्न नसता, मात्र दुसरा असता: सर्व भाडेकरू पूर्णवेळ विद्यार्थी असलेले घर, तसे आधी लेखी कळवलेले असल्यास, चार महिन्यांची सूचना देऊन १ जून ते ३० सप्टेंबर या काळात परत मागण्याची मुभा घरमालकाला आहे. तुमचे प्रबंधाचे दिवस नेमके तेच.

घराला माझा सरसकट विरोध नाही. दोन वर्षे राहायचे असते तर पहिले वर्ष हॉलमध्ये काढून, माणसे पारखून, दुसऱ्या वर्षी घर घ्या असेच म्हटले असते. मिरजेत बसून, न पाहिलेल्या तीन मुलांसोबत, न पाहिलेल्या घरावर सही करणे मला धोक्याचे वाटते. खासगी हॉलच निवडायचा ठरल्यास तो अनुक व युनिपोल या संस्थांच्या, विद्यार्थी-निवासांसाठीच्या राष्ट्रीय आचारसंहितेत नोंदलेला आहे का ते पाहा; युनिपोल ही विद्यार्थ्यांच्या निवासाचे काम करणारी धर्मादाय संस्था लीड्समध्येच आहे.

तुळशीवृंदावन

माझा मुलगा तुमच्याच वयाचा आहे, म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. तो मागच्या वर्षी शेफील्डला हॉलमध्ये होता. पहिल्या रात्री खोलीत गेला तर पलंगावर नुसती गादी. चादर, उशी, पांघरूण काहीच नाही. दुकाने बंद झाली होती. आजीची गोधडी मी जबरदस्तीने बॅगेत कोंबली होती, विमानतळावर वजन वाढले म्हणून तो माझ्यावर चिडलाही होता. त्या रात्री तीच अंथरली आणि तीच पांघरली. अंथरुणाचा संच हॉलमार्फत आधी मागवता येतो का ते विचारून घे. विमान रात्री उशिरा उतरणार असेल तर किल्ली कुठे व किती वाजेपर्यंत मिळेल, हेही विचार.

मेंदूज्वराची ए-सी-डब्ल्यू-वाय ही लस तिकडे २५ वर्षांखालील नव्या विद्यार्थ्यांना घ्यायला सांगतात, कारण हॉलमध्ये एकमेकांच्या निकट राहणाऱ्या मुलांत तो पसरू शकतो. जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोल, आणि पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तेथील डॉक्टरकडे नाव नोंदव, ताप येण्याची वाट पाहू नकोस.

मुलाला सर्वांत कठीण गेले ते डिसेंबरचे दोन आठवडे. दुपारी पावणेचारला सूर्य मावळायचा, सदनिकेतले सगळे घरी गेलेले, आणि २५ तारखेला तर रेल्वे बंद, जवळजवळ सगळी दुकानेही बंद. त्याच्या हॉलने थांबलेल्या परदेशी मुलांसाठी जेवण ठेवले होते, पण तो संकोचाने गेला नाही आणि नंतर मला म्हणाला की जायला हवे होते. तू जा.

मिरजेचा तंबोरा

सर्वांचे आभार. काल रात्री मावसभावाला कौन्सिल टॅक्सविषयी विचारले. त्याने मित्राला विचारले. मित्राचे उत्तर आले की ‘अर्थात चौघांत’. त्यामुळे त्या घराचा विषय संपला. करार पुन्हा वाचला असता दिसले की व्हिसा नाकारल्यास सात दिवसांच्या आत नकाराचे पत्र पाठवावे लागते. अर्जातला पसंतीचा रकाना मी खरोखरच रिकामा सोडला होता. निवास विभागाला ईमेल करून पदव्युत्तर, शांत सदनिका मागितली आहे. उत्तर यायचे आहे, पण ते काहीही आले तरी गुरुवारी खोली स्वीकारणार आहे.

आता एक शेवटची, क्षुल्लक शंका. आईने तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर, पोळीचा लोखंडी तवा, गोल बुडाची कढई आणि मिक्सर असा संच काढून ठेवला आहे. यांतले काय न्यावे?

कोकम सरबत

ही शंका क्षुल्लक नाही. आधी निवास विभागाला विचारा की शेगडी इंडक्शनची आहे की साधी विजेवर तापणारी काचेची. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो असाच कुकर घ्या. लोखंडी तवा चालेल, मात्र त्याचे बूड पूर्ण सपाट हवे आणि तो काचेवरून ओढायचा नाही, कारण ओरखड्याचे पैसे सातही जणांना पडतात. गोल बुडाची कढई घरीच राहू द्या, ती दोन्ही प्रकारच्या शेगड्यांवर डुगडुगते.

मिक्सरला विजेचा दाब अडत नाही, दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे; अडतो तो प्लग. इंग्लंडचा प्लग चौकोनी तीन दांड्यांचा आणि आत फ्यूज असलेला असतो, आणि सुटे ॲडॉप्टर लावलेली उपकरणे पुष्कळ हॉल तपासणीत काढून घेतात. माझा मिक्सर तसाच गेला आणि जूनमध्ये परत मिळाला. तिकडे छोटा ग्राइंडर घेणे स्वस्त पडेल. कुकरसोबत दोन जादा शिट्ट्या आणि एक जादा रबर मात्र बॅगेत टाका, आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा स्वयंपाकघरात असलेल्यांना आधी सांगा की हे भांडे शिट्टी मारते.